उसण भरल्यावर मिळणारी स्नायू सैल करणारी गोळी: किती दिवस, कशासोबत आणि कोणी घेऊ नये

निशिगंध

चैत्रात वर्षाचे गहू कोठीत भरताना आईला उसण भरली. पत्र्याचा डबा उचलून वळताना कमरेत कळ आली आणि तिला सरळ उभे राहता येईना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी उभी राहून पोळ्या करू लागली. पाचव्या दिवशी गोळ्या संपल्या, पण वाकताना अजून थोडे दुखत होते, म्हणून तिने तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून आणखी एक पट्टी आणवली. यात काही चुकते आहे असे आम्हा कोणालाही वाटले नाही, कारण गोळी डॉक्टरांनीच दिलेली होती.

अकराव्या दिवशी तिला लघवीला जळजळ सुरू झाली. नेहमीचे डॉक्टर गावी गेले होते, त्यामुळे बाबा तिला जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे तिला सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिले गेले. इतर कोणती औषधे चालू आहेत असे विचारल्यावर आईने फक्त रक्तदाबाची गोळी सांगितली. कमरेची गोळी तिच्या मनात 'औषध' या सदरात नव्हतीच, ती दुखण्यापुरती घेतलेली गोळी होती. त्या रात्री जेवणानंतर तिने दोन्ही गोळ्या घेतल्या. साडेबाराच्या सुमारास ती न्हाणीघराकडे जायला उठली आणि पलंग व दार यांच्यामध्ये कोसळली. शेजारच्या काकांनी यंत्र आणून रक्तदाब मोजला तेव्हा तो ८० आणि ५० होता. डाव्या मनगटाचे हाड मोडले. ती रात्र रुग्णालयात सलाइनवर गेली.

सकाळी तिथल्या डॉक्टरांनी घरातली सगळी औषधे मागवली. बाबांनी प्लास्टिकची पिशवी नेली. त्यांनी ती खाटेशेजारच्या टेबलावर रिकामी केली, प्रत्येक पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली आणि दोन पट्ट्या बाजूला काढून माझ्यासमोर ठेवल्या. कमरेच्या गोळीत टिझानिडिन होते. टिझानिडिन यकृतातील सीवायपी १ए२ नावाच्या एंझाइमकडून निकामी केले जाते आणि सिप्रोफ्लॉक्सासिन नेमके त्याच एंझाइमला अडवते. परिणामी शरीरात टिझानिडिनचा एकूण भार सुमारे दहापट होतो. म्हणजे आईने एक गोळी गिळली, पण तिच्या शरीराला ती दहा गोळ्यांसारखी पडली, तीही रक्तदाबाच्या गोळीच्या जोडीने. ही दोन औषधे एकत्र देऊच नयेत असे टिझानिडिनच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते.

मला कोणत्याही डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. पहिल्या डॉक्टरांनी पाचच दिवस दिले होते, दुसऱ्यांनी विचारले होते. मधली जागा आम्ही, घरच्यांनी, मोकळी सोडली. सहाव्या दिवसापासून आई जी गोळी घेत होती ती खरे पाहता कोणीच दिलेली नव्हती, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडे पाठ धरली, मान धरली, लचक भरली की अशी गोळी घरोघरी येते. म्हणून या गोळ्यांबद्दल ज्यांना नेमके माहीत आहे त्यांनी इथे लिहावे अशी विनंती आहे. किती दिवस घ्याव्यात, कोणी घेऊ नयेत, कशासोबत घेऊ नयेत आणि थांबवायच्या कशा, एवढे तरी या धाग्यात एकत्र व्हावे.

औषधवाला_मिरज

निशिगंधताई, आईंना लवकर बरे वाटो. मी बावीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा आहे आणि तुम्ही लिहिलेली गोष्ट वेगवेगळ्या रूपांत सतत पाहतो. काउंटरवर दिसणारे काही सांगतो.

आपल्याकडे 'स्नायूची गोळी' म्हणून जे मिळते त्यात बहुतेक वेळा एकच औषध नसते. पट्टीच्या मागे पाहिले तर सहसा दोन किंवा तीन नावे दिसतील. नेहमीची उदाहरणे द्यायची तर अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आणि थायोकोल्चिकोसाइड ४ मिलिग्रॅम, किंवा पहिली दोन तीच आणि तिसरे क्लोरझॉक्साझोन २५० मिलिग्रॅम, किंवा डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल व क्लोरझॉक्साझोन. यातले एकच औषध स्नायू सैल करणारे आहे, बाकीची वेदनाशामक आहेत. ही गोळी घेत असलेला माणूस अंग दुखते म्हणून वर पॅरासिटामॉल घेतो, दाढ दुखते म्हणून डायक्लोफेनॅक घेतो, आणि एकच औषध दोनदा पोटात जाते आहे हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण पाकिटावरची मोठी नावे वेगळी असतात. मोठे नाव कंपनीचे असते, औषधाचे नाव बारीक असते. वाचायचे ते बारीक.

दुसरी गोष्ट कापलेल्या पट्टीची. पाच गोळ्या हव्या असतात म्हणून दहाची पट्टी कात्रीने कापली जाते. बऱ्याच पट्ट्यांवर घटकांची नावे आणि मुदतीची तारीख एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक माझ्या दुकानात राहते आणि तुमच्या घरी चार-पाच निनावी गोळ्या जातात. वर्षभराने तोच तुकडा घेऊन कोणीतरी येतो आणि म्हणतो, "अशाच द्या." मी आता कापलेला तुकडा कागदी पाकिटात घालतो आणि त्यावर औषधांची नावे, मुदत, किती दिवसांसाठी दिले ते पेनाने लिहून देतो. पाव मिनिट लागते. तुमच्या दुकानदाराकडे तसे मागा, त्यात संकोच वाटून घेऊ नका.

आणि जुन्या चिठ्ठीवर पुन्हा गोळ्या देणे ही आमची चूक असते, हे मी आमच्या व्यवसायाच्या वतीने मान्य करतो. पट्टीवरची लाल उभी रेघ हेच सांगत असते की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही. पाच दिवसांची चिठ्ठी पाच दिवसांनी संपते.

रानवाट

आईंबद्दल वाचून वाईट वाटले. तरीही थोडे वेगळे मत मांडतो. मला मानेचा त्रास आहे आणि मागच्या वर्षी मी क्लोरझॉक्साझोन असलेली गोळी जवळजवळ दोन महिने घेतली, अधूनमधून नव्हे, रोज. मला काहीही झाले नाही, उलट त्या गोळीमुळेच मी कामावर जाऊ शकलो. दुखणे सहन करत बसण्यापेक्षा गोळी घेतलेली बरी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. अशा धाग्यांमुळे लोक आवश्यक औषधालाही घाबरतात आणि मग दुखणे अंगावर काढतात, हीही एक हानीच आहे.

भीमाकाठ

मी तालुक्याच्या गावी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो आणि या गोळ्या मी स्वतः लिहून देतो, त्यामुळे त्या वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. रानवाट यांचा मुद्दा रास्त आहे, त्याला उत्तर देण्याच्या निमित्ताने थोडे विस्ताराने लिहितो.

आधी नावाबद्दल. 'स्नायू सैल करणारी गोळी' या नावामुळे ती गोळी दुखऱ्या स्नायूपाशी जाऊन त्याला सैल करते असा समज होतो. या गटातील जवळजवळ सर्व औषधे मेंदू आणि मज्जारज्जू यांवर काम करतात. गुंगी येणे हा त्यामुळे अपघाताने जडलेला दुष्परिणाम नसून औषधाच्या कामाचाच भाग आहे. गोळीने मिळणाऱ्या आरामापैकी काही भाग त्या गुंगीचा आणि शांत झोपेचा असतो. झोप मिळणे ही लहान गोष्ट नाही, पहिल्या दोन-तीन रात्री माणसाला तीच हवी असते. पण ती गोळी स्नायूची दुरुस्ती करत नाही, हे लक्षात ठेवावे.

फायदा किती, हेही मोजले गेले आहे. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये कंबरदुखीवरील ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. पहिल्या दोन आठवड्यांत या गटातील नेहमीच्या औषधांमुळे शंभर गुणांच्या मापावर वेदना सुमारे आठ गुणांनी कमी झाली, आणि दुष्परिणामांचा धोका मात्र वाढला. त्याआधी २०१५ मध्ये जामा या नियतकालिकात न्यूयॉर्कमधील ३२३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली होती. नेप्रोक्सेन या वेदनाशामकाला सायक्लोबेंझाप्रिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची जोड दिल्याने आठवड्याभरानंतर नुसत्या नेप्रोक्सेनपेक्षा अधिक फायदा दिसला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ताज्या कंबरदुखीत आधी शेक, मसाज असे उपाय करावेत, आणि औषध द्यायचेच तर वेदनाशामक किंवा स्नायू सैल करणारे औषध द्यावे. याचा अर्थ मी असा घेतो की गोळीला जागा आहे, पण ती जागा पहिल्या काही दिवसांपुरती आहे.

रानवाट, तुम्हाला दोन महिन्यांत काही झाले नाही ही आनंदाची गोष्ट आहे. क्लोरझॉक्साझोनमुळे यकृताला गंभीर इजा होते ती क्वचितच, परंतु ती कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. भूक जाणे, मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे दिसणे यांतले काही दिसले तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचे असते. या औषधाने लघवी निरुपद्रवीपणे नारिंगी किंवा लालसर जांभळीही होऊ शकते, म्हणून रंग बदलला तर स्वतः अर्थ न लावता दाखवावे. शिवाय तुमच्या गोळीतही एखादे वेदनाशामक असणारच. दोन महिने रोज डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक घेतल्याने जठरात व्रण होणे, मूत्रपिंडांवर ताण येणे आणि रक्तदाब वाढणे हे धोके क्लोरझॉक्साझोनपेक्षा मला अधिक चिंतेचे वाटतात. तुमचे रक्तदाब, क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) आणि यकृताच्या तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. आणि दोन महिने दुखणारी मान ही गोळीची नव्हे, निदानाची गरज आहे.

दिवसांची मर्यादा औषधागणिक वेगळी आहे. सायक्लोबेंझाप्रिन दोन ते तीन आठवड्यांपेक्षा अधिक देऊ नये असे त्याच्या माहितीपत्रकात असते. थायोकोल्चिकोसाइडच्या बाबतीत युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये ठरवले की तोंडाने घ्यायचे औषध जास्तीत जास्त सात दिवस आणि इंजेक्शन जास्तीत जास्त पाच दिवस द्यावे. मी माझ्या रुग्णांना साधारणपणे तीन ते पाच दिवसांच्या गोळ्या देतो आणि दुखणे उरले तर गोळी वाढवण्याऐवजी पुन्हा बोलावतो. त्या दुसऱ्या भेटीत मला जे कळते ते गोळी वाढवून कधीच कळले नसते.

ज्येष्ठांविषयी वेगळे सांगायला हवे. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांची बीअर्स निकष नावाची यादी आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींना यातली नेहमीची औषधे शक्यतो देऊ नयेत असे ती सांगते, कारण गुंगी, गोंधळ, पडणे आणि हाड मोडणे. निशिगंध यांच्या आईंच्या बाबतीत नेमके तेच घडले. सायक्लोबेंझाप्रिनची रचना जुन्या नैराश्यविरोधी औषधांशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तुंबू शकते, काचबिंदू बळावू शकतो आणि हृदयाच्या ठोक्यांचा विकार असलेल्यांना ते देतच नाहीत.

अस्मि

मला थायोकोल्चिकोसाइडबद्दल विचारायचे आहे. मागच्या आठवड्यात मान धरल्यामुळे मला ते चार दिवस दिले होते. आम्ही सध्या बाळाचा विचार करत आहोत. दवाखान्यात मला फक्त "गरोदर आहात का?" असे विचारले आणि मी नाही म्हटले. ते पुरेसे आहे का?

भीमाकाठ

अस्मि, प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि तो आम्ही डॉक्टरांनी नीट विचारायला हवा. थायोकोल्चिकोसाइडचे शरीरात विघटन होऊन जो एक पदार्थ तयार होतो तो विभाजित होणाऱ्या पेशींमधील गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, असे प्रयोगांत दिसले. वर सांगितलेली सात दिवसांची मर्यादा त्यातूनच आली. म्हणूनच गर्भारपणात, बाळाला अंगावर पाजत असताना, आणि मूल होण्याच्या वयातील जी स्त्री गर्भनिरोधक वापरत नाही तिला हे औषध देऊ नये असे युरोपीय औषध संस्थेने सांगितले. १६ वर्षांखालील मुलांनाही ते देऊ नये. म्हणजे "गरोदर आहात का?" एवढा प्रश्न अपुरा आहे, "दिवस राहण्याची शक्यता आहे का?" असे विचारायला हवे, आणि विचारले नाही तर आपणहून सांगायला हवे.

चार दिवसांच्या गोळ्यांवरून घाबरून जाऊ नका. मात्र उरलेल्या गोळ्या घेऊ नका, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना औषधाचे नाव व तारखा सांगा आणि प्रयत्न केव्हा सुरू करावेत ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. ज्यांना फिट येतात त्यांनीही हे औषध टाळावे, कारण त्याने फिट येण्याची शक्यता वाढते.

चाकधर

मी पुणे ते नाशिक गाडी चालवतो, बहुतेक पहाटेची पाळी असते. कंबर धरल्यावर मला रात्री झोपताना एक गोळी घ्यायला सांगितले आहे. रात्री घेतली तर पहाटे चारला गाडीवर बसता येईल ना? मालकाला सुट्टी मागणे अवघड आहे, म्हणून विचारतो.

भीमाकाठ

चाकधर, आधी पट्टीवरचे नाव पाहा, कारण उत्तर त्यावर आहे. टिझानिडिन रक्तातून निम्मे व्हायला सुमारे अडीच तास लागतात, तर सायक्लोबेंझाप्रिन निम्मे व्हायला सरासरी अठरा तास लागतात आणि काही जणांना त्याहून बरेच अधिक. दहाला घेतलेली सायक्लोबेंझाप्रिनची गोळी पहाटे चारला तुमच्या अंगात जवळजवळ तशीच असते. टिझानिडिन लवकर उतरत असले तरी पहिल्या एक-दोन दिवसांत उठल्यावर रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते. गुंगी असलेल्या माणसाला आपल्याला गुंगी आहे हे पुष्कळदा जाणवत नाही, म्हणून "मला तर ठीक वाटते" या भरवशावर स्टिअरिंग धरू नका. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ दारूबरोबरच औषधाच्या अमलाखाली गाडी चालवण्यालाही लागू होते.

तुमच्या डॉक्टरांना फक्त एक वाक्य सांगा: "मी पहाटे गाडी चालवतो." ते ऐकल्यावर पुष्कळ डॉक्टर स्नायूची गोळी काढून नुसते वेदनाशामक देतील, आणि वर सांगितलेल्या चाचण्या पाहता त्यात तुमचे फारसे नुकसान नाही. सुट्टीच मिळाली तर गोळी सुट्टीच्या आदल्या रात्री सुरू करा. आणि त्या दिवसांत दारूचा एक घोटही नको. दारू आणि ही गोळी एकमेकींची गुंगी वाढवतात आणि श्वासही मंदावू शकतो. झोपेच्या गोळ्यांचेही तेच.

पैलतीर

मी न्यू जर्सीत राहते. उन्हाळ्यात आई-बाबा येतात तेव्हा त्यांच्या बॅगेत सहा महिन्यांची औषधे असतात आणि त्यात 'लागल्या तर असू द्याव्यात' म्हणून अशा गोळ्यांच्या दोन-तीन पट्ट्या हमखास असतात. मागच्या वर्षी बाबांना इथल्या तातडीच्या दवाखान्यात न्यावे लागले. मी पट्टी दाखवली तेव्हा तिथल्या डॉक्टरांना थायोकोल्चिकोसाइड हे नाव ओळखीचे नव्हते. ते औषध अमेरिकेत मंजूर नाही, त्यामुळे त्यांच्या संगणकातील परस्परक्रियेच्या यादीत ते सापडेना. तेव्हापासून मी आई-बाबांच्या प्रत्येक गोळीचे घटक इंग्रजीत लिहून फ्रिजवर लावते. पालक परदेशात येणार असतील तर हे निघण्यापूर्वीच करून ठेवावे.

इथे आणखी एक अनुभव आला. माझ्या पाठीसाठी कॅरिसोप्रोडॉल या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे नाव निघाले तेव्हा फार्मसीतल्या बाईंनी मला पाच मिनिटे थांबवून समजावले. या औषधाचे शरीरात मेप्रोबामेट होते, जे जुन्या काळचे शामक आहे आणि ज्याची सवय लागते. अमेरिकेने ते जानेवारी २०१२ पासून नियंत्रित औषधांच्या चौथ्या अनुसूचीत टाकले. युरोपात तर २००७ मध्येच ते बाजारातून काढून घेण्याची शिफारस झाली होती.

औषधवाला_मिरज

पैलतीर यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून सांगतो. टॅपेंटाडॉल हे अफूच्या गटातले वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल यांची एकत्रित गोळी महाराष्ट्रातील एका कारखान्यातून पश्चिम आफ्रिकेत जात होती आणि तिथे तरुण मुले तिचा नशेसाठी वापर करत होती, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी या जोडीच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी मागे घ्यायला लावली. पाठदुखीची साधी गोळी म्हणून ज्या गटाकडे आपण पाहतो, त्याच गटातील एका औषधाने घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्ट इथल्या मुलांची आयुष्ये बिघडवली, हे वाचल्यापासून दुकानात कोणी "जरा जास्तीच्याच द्या" म्हटले की माझा हात थांबतो.

शेवंती

हा धागा वाचून मी घाबरले आहे. माझ्या सासऱ्यांना पक्षाघातानंतर उजवा हात आणि पाय ताठर झाला म्हणून दीड वर्षापासून बॅक्लोफेन चालू आहे. वर सगळीकडे 'थोडे दिवस' असे म्हटले आहे. मग उद्यापासून ते बंद करावे का?

भीमाकाठ

शेवंतीताई, कृपया बंद करू नका. हे मी सर्वांत ठळकपणे सांगू इच्छितो.

उसण, लचक, धरलेली मान यांत स्नायू तात्पुरता आखडतो आणि त्याच्या मज्जातंतूंची जोडणी शाबूत असते. पक्षाघात, मज्जारज्जूची इजा किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदूचा स्नायूवरचा ताबाच सुटलेला असतो आणि ताठरपणा कायमचा असतो. बॅक्लोफेन आणि टिझानिडिन ही औषधे मुळात या दुसऱ्या आजारांसाठी आहेत आणि तिथे ती महिनोन्महिने, वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. बऱ्याच दिवसांचे बॅक्लोफेन एकाएकी थांबवले तर भास होणे, प्रचंड ताप येणे, फिट येणे असे जिवावरचे प्रसंग येतात. मोठ्या मात्रेतील टिझानिडिन एकदम सोडले तर रक्तदाब उसळतो आणि छातीत धडधडते. ही औषधे कमी करायची ती डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनी. गावाला जाताना सासऱ्यांच्या गोळ्या संपणार नाहीत एवढी काळजी घ्या. मात्र त्यांचे क्रिअ‍ॅटिनिन तपासले आहे ना, ते पाहा. बॅक्लोफेन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर जाते. मूत्रपिंडे मंदावली असतील तर नेहमीचीच मात्रा साचून माणूस ग्लानीत जातो किंवा असंबद्ध बोलू लागतो, आणि घरच्यांना तो पुन्हा झटका आल्यासारखा वाटतो.

वळणवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोळीबद्दल वर पुरेसे आले आहे, मी गोळी चालू असतानाच्या दिवसांबद्दल लिहिते, कारण त्या पाच दिवसांचे काय करायचे हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते.

आमच्या गावी उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणत आणि त्याचा पाय कमरेला लावत. माझी आजी पायाळू होती. सकाळी अंगणात लोक येत आणि दोन-तीन दिवसांनी बरे वाटले म्हणून नारळ देऊन जात. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते, हे मला शिकताना कळले आणि आजीच्या अंगणाचा उलगडा झाला. गोळीचे श्रेय ठरवतानाही हे ध्यानात ठेवावे लागते. पाचव्या दिवशी बरे वाटले ते किती गोळीने आणि किती दिवसांनी, हे एका माणसावरून सांगता येत नाही.

म्हणून त्या दिवसांत अंथरुणाला खिळू नका. पहिल्या दिवशी पडून राहावेसे वाटले तर तेवढे राहा, पण दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात तासाभराने चार फेऱ्या मारा. गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटे शेक घ्या, मधे टॉवेल ठेवा, आणि गोळीच्या गुंगीत पिशवीवर झोपून जाऊ नका. तशा भाजलेल्या पाठी मी पाहिल्या आहेत. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताच्या आधाराने बसा, मिनिटभर बसून राहा आणि मग उभे राहा. यात कंबरही सांभाळली जाते आणि रक्तदाब घसरण्याचा धोकाही कमी होतो. घरात ज्येष्ठ असतील तर गोळीच्या दिवसांत न्हाणीघरापर्यंतचा दिवा रात्रभर चालू ठेवा आणि वाटेतली पायपुसणी उचला.

आणि काही लक्षणे अशी आहेत की तिथे गोळीची वाट पाहायची नाही. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली शक्ती कमी होत जाणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. पाठदुखीबरोबर ताप, विनाकारण उतरणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा ठिसूळ हाडांच्या माणसाचे पडणे असेल तर ती उसण समजू नये.

रानवाट

भीमाकाठ, सविस्तर उत्तराबद्दल आभार. काल तपासण्या करून घेतल्या. यकृत ठीक आहे, पण रक्तदाब १५० आणि ९६ निघाला, जो मागच्या वर्षी नव्हता. डॉक्टरांनी वेदनाशामक पूर्ण बंद करून दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायला सांगितले आहे आणि मानेचा एमआरआय लिहून दिला आहे. मी वर जे लिहिले होते त्यातला 'काहीही झाले नाही' हा भाग मागे घेतो. दुखणे अंगावर काढू नये, हे मत मात्र तसेच आहे.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. आईच्या हाताचे प्लास्टर अजून तीन आठवडे आहे. कमरेचे दुखणे गोळी थांबवल्यावर आठवड्याभरात गेले.

काल मी घरातली औषधांची पिशवी जमिनीवर ओतून बसले. दोन कापलेले तुकडे सापडले ज्यांवर काहीच लिहिलेले नव्हते, आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या तीन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या. बाबांनी वहीच्या पानावर आईच्या चालू औषधांची यादी केली आणि शेवटी एक ओळ आपणहून घातली: 'दुखण्याच्या गोळ्याही सांगणे.' ते पान घडी करून आईने बटव्यात ठेवले आहे. औषधवाला_मिरज, त्या निनावी तुकड्यांचे काय करावे?

औषधवाला_मिरज

निशिगंधताई, ज्याचे नाव माहीत नाही ती गोळी कोणालाही देऊ नका आणि जपूनही ठेवू नका. तुमचा औषधविक्रेता जुनी औषधे परत घेत असेल तर त्याच्याकडे द्या. तशी सोय नसेल तर गोळ्या पट्टीतून काढा, चहाच्या ओल्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधा आणि मगच कचऱ्यात टाका, म्हणजे मुलांच्या किंवा जनावरांच्या तोंडी लागणार नाहीत. अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या तिन्ही पट्ट्यांमध्ये आणखी कोणती औषधे आहेत ते पाहा आणि आईंच्या डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाच्या घरात त्यातली एकही मुद्दाम साठवून ठेवण्याची गरज नसावी.